परदेशी जोडीदाराचा व्हिसा: बेळगाव सीमाभागातल्यांनी कागद कोणत्या क्रमाने करावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली मुलं कामासाठी आखाती देशांत, युरोपात जातात, तिकडे लग्न जुळतं, आणि सून किंवा जावई घरी यायची वेळ आली की कागदांची धावपळ सुरू होते. माझ्या भावाचं असंच झालं. दादा दुबईत होता, वहिनी फिलिपिन्सच्या. त्यांची फाईल मी केली, चुकलो, पुन्हा केली. त्यानंतर नात्यातले, गल्लीतले, ओळखीच्या ओळखीचे फायली घेऊन येत राहिले. सगळ्यांच्या चुका जवळपास त्याच: नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेचं, पत्ता तीन तऱ्हेचा, लग्नाची नोंद भलत्याच कायद्याखाली, आणि तारीख हुकलेली. म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहून काढतोय.

भारतीय नागरिकाच्या परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला इथे राहायला यायचं असेल तर वाट अशी आहे: लग्नाची नोंद, मग एन्ट्री व्हिसा, ज्याला सगळे एक्स व्हिसा म्हणतात, इथे आल्यावर एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणी, पुढे मुदतवाढ, आणि नोंदलेल्या लग्नाला दोन वर्षं झाली की ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व ठेवूनच भारतात कायम राहायची मुभा देणारं कार्ड. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, त्यांना यातलं बरंचसं लागू नाही. जोडीदार पाकिस्तान किंवा बांगलादेशचा असेल तर नियम खूपच वेगळे आहेत. तिथे जाणत्या वकिलाशिवाय एकही अर्ज भरू नका.

आपल्या भागात आणखी एक प्रकार वरचेवर येतो. मुलगी बेळगावची, मुलगा गोव्याचा, पण त्याच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट. भारतीय असताना त्याने परदेशी नागरिकत्व घेतलं, तेव्हाच त्याचं भारतीय नागरिकत्व संपलं. त्याने जुना भारतीय पासपोर्ट रीतसर परत करून त्याचा दाखला घ्यायला हवा. मग त्याला मूळ भारतीय म्हणून स्वतःच्या हक्काने ओसीआय मागता येतं, बायकोच्या नावावर दोन वर्षं थांबायची गरज नाही. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे वर्ष-दीड वर्ष वाया घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

टप्पा १: आधी आपल्या माणसाचे कागद सरळ करा

परदेशी जोडीदाराचे कागद बहुतेक वेळा व्यवस्थित असतात. घोळ आपल्याकडच्या कागदांत असतो, आणि सीमाभागात तो दुप्पट असतो, कारण आपली नावं मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत असा प्रवास करून आलेली असतात.

एक उदाहरण घ्या. ज्ञानेश्वर हे नाव मराठी घरात इंग्रजीत डी-एन-वाय असं सुरू होतं. तेच कन्नड कागदावरून टाईप करणारा जे-एन असं लिहितो. पासपोर्टवर एक, आधारवर दुसरं. शाळेच्या मार्क्स कार्डवर तर ‘एस. एम. पाटील’ अशी नुसती आद्याक्षरं, वडिलांचं पूर्ण नाव कुठेच नाही. चव्हाणांच्या आडनावाचं स्पेलिंग तीन भावांच्या तीन आधार कार्डांवर तीन तऱ्हेचं मी पाहिलंय. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. परदेशी दूतावासात किंवा बंगळूरला फाईल तपासणाऱ्याला ती दोन वेगळी माणसं वाटतात.

तेव्हा पासपोर्ट हा मूळ कागद धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. आधार, पॅन, बँकेचं पासबुक यांतलं नाव अक्षर न् अक्षर पासपोर्टसारखं करून घ्या. आधारची दुरुस्ती सगळ्यात आधी टाका, कारण पुढचे बरेच अर्ज आधारवर चालतात. पासपोर्टवरच चूक असेल तर तो आधी दुरुस्त करा, बाकीचं नंतर. त्यासाठी बेळगावचं पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र किंवा हुबळीचं पासपोर्ट सेवा केंद्र आहेच.

‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र पुष्कळ जण सुचवतात. जुन्या मार्क्स कार्डासारखा कागद बदलताच येत नसेल तिथे ते जोडा. जो कागद दुरुस्त होऊ शकतो तो दुरुस्तच करा. प्रतिज्ञापत्रांचा गठ्ठा जोडलेल्या फाईलला प्रश्न जास्त येतात.

आता पत्ता. एकत्र कुटुंबात घर आजोबांच्या नावावर, हेस्कॉमचं वीजबिलही आजोबांच्याच नावावर, आणि आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली. परदेशी जोडीदार त्या घरात राहते याचा पुरावा मागितला की सगळे एकमेकांकडे बघतात. बिल वडिलांच्या नावावर करून घ्यायला वेळ लागतो, म्हणून हे काम आजच सुरू करा. तोवर घरमालक म्हणून वडिलांचं संमतीपत्र, घरपट्टीची पावती आणि त्याच पत्त्यावरचं त्यांचं आधार असा संच तयार ठेवा. पत्ता सगळीकडे एकाच शब्दांत लिहा: गल्लीचं नाव, घर नंबर किंवा सीटीएस नंबर, पिनकोड. एका कागदावर ‘गल्ली’ आणि दुसऱ्यावर ‘स्ट्रीट’ असं नको.

बेळगावचं अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. जुन्या जन्मदाखल्यावर जुनं नाव आणि नव्या आधारवर नवं असेल तर घाबरू नका, त्यासाठी कागद बदलायचा नसतो. जन्मठिकाण पासपोर्टवर आहे तसं लिहा, सध्याचा पत्ता नव्या नावाने लिहा, आणि अर्जासोबतच्या पत्रात दोन्ही नावं एकाच शहराची आहेत असं एक वाक्य घाला.

तपासा: पासपोर्ट, आधार, पॅन आणि पत्त्याचा पुरावा टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. स्वतःचं नाव वाचताना स्वतःची चूक दिसत नाही.

टप्पा २: जोडीदाराचे कागद त्यांच्या देशातूनच घेऊन या

जन्मदाखला, अविवाहित असल्याचा दाखला, आधी लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा अंतिम हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला. हे कागद इथे बसून मागवायला गेलं की महिने जातात.

हे कागद आपल्याकडे चालण्यासाठी त्यांवर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं तिथल्या सरकारचं प्रमाणपत्र, लागतं. भारत आणि तो देश दोघेही हेग अपोस्टील करारात असतील तर त्या देशाच्या सरकारचं अपोस्टील पुरतं. तो देश करारात नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासाकडून कागद साक्षांकित करून घ्यावा लागतो. जर्मनीशी लग्नसंबंध जुळणाऱ्यांनी खास लक्ष द्या: दोन्ही देश करारात असले तरी जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतल्यामुळे दोघांमध्ये अपोस्टील चालत नाही. तिथे दूतावासाचीच वाट धरावी लागते, आणि वेळ जास्त धरा.

कागद इंग्रजीत नसेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. आपल्या बाजूच्या कागदांचंही तसंच. चंदगड किंवा गडहिंग्लजच्या शाळेचा मराठी दाखला बंगळूरच्या कार्यालयात वाचता येईलच असं नाही, आणि खानापूरचा कन्नड दाखला परदेशी दूतावासात कुणी वाचणार नाही. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टची झेरॉक्स आधी द्या आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखंच ठेवायला सांगा. नाहीतर तो उच्चाराप्रमाणे लिहितो आणि टप्पा १ची सगळी मेहनत पाण्यात जाते.

सावध: अविवाहित असल्याच्या दाखल्याची मुदत मर्यादित धरली जाते. वर्षभर आधी काढून ठेवू नका. लग्नाची तारीख नक्की झाली की काढा.

टप्पा ३: लग्नाची नोंद, आणि ती योग्य कायद्याखाली

यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण इथली चूक पुढे दोन-तीन वर्षांनी बाहेर येते.

हिंदू विवाह कायद्याखाली नोंद तेव्हाच होते, जेव्हा नवरा-बायको दोघेही हिंदू असतात. अमेरिकन पासपोर्ट असलेली मराठी घरातली मुलगी हिंदू असेल तर प्रश्न नाही. पण बायको ख्रिश्चन असेल, मंगल कार्यालयात भटजींनी अक्षता टाकून लग्न लावलं आणि तेवढ्यावर हिंदू कायद्याखाली नोंद करून घेतली, तर ती पायाच नसलेली नोंद होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे स्पष्ट केलंय. सब-रजिस्ट्रार ऑफिसबाहेर बसणारा माणूस ‘होऊन जाईल, फॉर्ममध्ये हिंदू लिहा’ असं सांगतो. लिहू नका. खोटं निवेदन तुमच्या सहीने कायमचं फाईलमध्ये राहतं, आणि ओसीआयच्या वेळी जोडीदाराचा धर्म, नाव, जन्मदाखला सगळं तपासलं जातं.

धर्म वेगळे असतील तर १९५४चा विशेष विवाह कायदा. त्याचं गणित नीट समजून घ्या. दोघांपैकी एकाने तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस लावली जाते, हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. धार्मिक पद्धतीने लग्न आधीच झालं असेल तर याच कायद्याच्या कलम १५ खाली त्याची नोंद करता येते. तिथेही ३० दिवसांची जाहीर नोटीस आहेच.

आता हिशेब करा. जोडीदार ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर येते, दोन दिवस प्रवासाचा शीण काढण्यात, चार दिवस नातेवाइकांकडे, आठव्या दिवशी नोटीस. तीस दिवस पुरे व्हायच्या आत व्हिसा संपतो. ई-व्हिसाला मुदतवाढ मिळत नाही आणि तो दुसऱ्या प्रकारात बदलूनही मिळत नाही. तिकीट काढून परत जावं लागतं. म्हणून लग्न इथेच करायचं असेल तर भारतीय दूतावासात खरं कारण सांगून, पुरेशा मुक्कामाचा साधा कागदी व्हिसा मागा. माझं मत विचाराल तर लग्न जोडीदाराच्या देशात कायदेशीररीत्या करा, तिथलं विवाह प्रमाणपत्र अपोस्टील करून घ्या आणि थेट एक्स व्हिसा मागा. सत्यनारायण, जेवणावळ, गोंधळ इथे नंतर थाटात करता येतं.

सीमाभागात आणखी एक गडबड होते ती ठिकाणाची. घर निपाणीत, मंगल कार्यालय कोल्हापुरात घेतलेलं, मुलाच्या मामाचं घर कागलला. नोंद महाराष्ट्रात करायची की कर्नाटकात? दोन्हीकडे होऊ शकते, पण पुढे तुम्ही जिथे राहणार आहात त्या पत्त्याशी जुळणारी नोंद पुढचा त्रास वाचवते. निपाणीत राहत असाल तर निपाणीतच करा. पाहुण्याच्या पत्त्यावर नोंद करून मग बेळगाव जिल्ह्याचा पत्ता दाखवलात की ‘हा पत्ता कुणाचा’ असा प्रश्न येतो.

आणि सगळ्यात जिव्हाळ्याची चूक. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत आहे, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितात. वहिनींचं नाव आईने हौसेने ठेवलं. लग्नपत्रिकेत तेच छापलं, आणि तीच पत्रिका नोंदणीच्या अर्जाला पुरावा म्हणून लावली. पत्रिकेवर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. कारकुनाने पत्रिका परत केली तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं सुनेलाच नाकारलं. घरी नवं नाव जरूर ठेवा, त्याच नावाने हाक मारा. पण अर्जात, पत्रिकेत, रेशनकार्डावर, बँकेत, प्रत्येक ठिकाणी पासपोर्टवरचंच नाव. नवऱ्याचं आडनाव लावायचं असेल तर जोडीदाराच्या देशात पासपोर्ट बदलून मगच लावा.

तपासा: विवाह प्रमाणपत्र हातात आल्याबरोबर काउंटर सोडायच्या आधी वाचा. अर्ज कन्नडमध्ये असेल आणि तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर वाचता येणारा कुणी तरी सोबत न्या. दोघांची नावं, जन्मतारखा, पासपोर्ट नंबर, लग्नाची तारीख आणि नोंदीची तारीख, सगळं. या टेबलावर पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती नंतर महिनाभराचे हेलपाटे मागते.

टप्पा ४: एक्स व्हिसाचा अर्ज

हा अर्ज परदेशी जोडीदाराने, ती राहते त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे करायचा. ऑनलाईन फॉर्म भारत सरकारच्या व्हिसा पोर्टलवरच भरा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, ते बघा. नावं सारखी ठेवून पैसे उकळणाऱ्या वेबसाईट खूप आहेत.

व्हिसाचा प्रकार निवडताना ‘टुरिस्ट’ सोपा वाटतो म्हणून तो निवडू नका. एन्ट्री व्हिसा, आणि कारण: भारतीय नागरिकाचा जोडीदार. सोबत विवाह प्रमाणपत्र, भारतीय जोडीदाराच्या पासपोर्टची प्रत, राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि भारतीय जोडीदाराचं सहीचं पत्र: आम्ही कधी लग्न केलं, कुठे राहणार, खर्च कोण करणार. पत्र साधं, एका पानाचं पुरे. दूतावास आपापल्या यादीत आणखी कागद मागतात, ती यादी फॉर्म भरायच्या आधी छापून घ्या.

फॉर्ममध्ये भारतातला संदर्भ म्हणून जो फोन नंबर द्याल तो उचलणाऱ्या माणसाचा द्या. बाबांचा नंबर दिला आणि ते अनोळखी फोन उचलत नाहीत, असं नको.

व्हिसा मिळाला की त्यावरची टीप वाचा. मुदत किती, प्रत्येक मुक्काम किती दिवसांपर्यंत, नोंदणी लागणार की नाही. हे सगळं व्हिसावर लिहिलेलं असतं आणि पुढचं वेळापत्रक त्यावरच ठरतं. एक्स व्हिसा म्हणजे कामाचा परवाना नव्हे, हेही जोडीदाराला आधीच सांगा. परवानगीशिवाय नोकरी धरली तर मुदतवाढीच्या वेळी अडचण होते.

टप्पा ५: घरी आल्यावरचे पहिले २४ तास आणि पहिले १४ दिवस

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झालाय. १९४६ आणि १९३९चे जुने कायदे त्याने मोडीत काढले. जुनी माहिती घेऊन बसलेल्या माणसाच्या सल्ल्यावर चालू नका.

पहिलं काम घरमालकाचं. परदेशी व्यक्ती घरी मुक्कामाला आली की २४ तासांच्या आत ऑनलाईन कळवायचं, ज्याला सगळे फॉर्म-सी म्हणतात. ‘ते हॉटेलवाल्यांचं असतं’ हा गैरसमज आहे. घरगुती मुक्कामालाही ते लागू आहे, सून असली तरी. घरमालकाने पोर्टलवर खातं उघडावं लागतं, म्हणून ते काम जोडीदार विमानात बसायच्या आठवडाभर आधी करून ठेवा. फॉर्मची छापील प्रत जपून ठेवा, पुढे राहण्याचा पुरावा म्हणून ती मागतात.

दुसरं काम जोडीदाराचं. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल आणि १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल, तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत एफआरआरओकडे नोंदणी. मोजणी विमानतळावरच्या शिक्क्याच्या तारखेपासून होते, घरी पोचल्याच्या तारखेपासून नाही. मुंबईला उतरून आठवडाभर पुण्यात पाहुण्यांकडे राहिलात तर अर्धे दिवस तिथेच गेले. वहिनी आल्या त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चौदाव्या दिवसाला लाल गोल केला आणि दहाव्या दिवसाला निळा. निळ्या गोलाच्या आत अर्ज गेलाच पाहिजे असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.

अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर करायचा. बेळगाव जिल्ह्याचा पत्ता असेल तर एफआरआरओ बंगळूरचंच. निपाणी, कागवाडहून कोल्हापूर जवळ आहे, मुंबईला गाडी सोयीची आहे, तरी त्याचा उपयोग नाही. राहण्याचा पत्ता ज्या राज्यात, कार्यालय तिथलं. हल्याळ, कारवारवाल्यांनाही गोवा जवळ पडलं तरी हेच. बोलावलं नाही तर बंगळूरला जायची गरजही नसते, सगळं ऑनलाईन होतं.

कागद: पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसाचं पान, उतरल्याच्या शिक्क्याचं पान, फोटो, विवाह प्रमाणपत्र, राहण्याचा पुरावा, भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट आणि विनंतीपत्र. मोबाईलवर अंथरुणात काढलेला फोटो लावू नका. सपाट स्कॅन, चारही कोपरे दिसलेले, फाईलचा आकार पोर्टलने सांगितला तेवढाच.

आता माझी चूक सांगतो. पहिला अर्ज मी बाजारातल्या एका नेट सेंटरमध्ये भरला. त्याने सवयीने स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला. कार्यालयाने एक कागद स्पष्ट नाही म्हणून पुन्हा मागितला, तो निरोप त्याच्या ईमेलमध्ये पडून राहिला. आम्ही इकडे वाट पाहत बसलो. उत्तर गेलं नाही म्हणून अर्ज बंद झाला, आणि मुदत दोन दिवसांवर आलेली असताना रात्री बसून सगळं पुन्हा भरलं. वहिनी शेजारी बसून होत्या, काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. परक्या देशात, पहिल्याच महिन्यात, आपल्या निष्काळजीपणामुळे त्या बाईला बेकायदा ठरायची भीती वाटली. म्हणून कळकळीने सांगतो: ईमेल जोडीदाराचा किंवा तुमचा स्वतःचा, पासवर्ड तुमच्याकडे, आणि रोज सकाळी तो बघायचा. स्पॅमचा कप्पाही.

तपासा: अर्ज पाठवल्यावर अर्ज क्रमांकाचं पान छापून फाईलला लावलं का? फी भरल्याची पावती उतरवून घेतली का?

टप्पा ६: घरची चौकशी आणि मुदतवाढ

मुदतवाढ किंवा व्हिसाचा प्रकार बदलण्याच्या अर्जावर दोघे खरंच एकत्र राहतात का, याची चौकशी होते. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, तालुक्यात जिल्हा पोलिसांकडून माणूस येतो. घरी बघतो, शेजारी विचारतो.

एका ओळखीच्या घरी हवालदार आले तेव्हा नवरा-बायको दोन दिवस गोव्याला गेले होते. शेजारच्या आजींनी सरळ मनाने सांगितलं, ‘ती दोघं गोव्याला असतात.’ असतात आणि गेलीत यांत फरक आहे, पण अहवालात ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असं गेलं. तो निस्तरायला तीन महिने लागले. अर्ज टाकला की शेजाऱ्यांना सांगून ठेवा: चौकशीला कुणी आलं तर खरं ते नीट सांगा. बाहेरगावी जायचं असेल तर घरात कुणीतरी थांबा.

चौकशीच्या वेळी मूळ पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, दोघांचे एकत्र फोटो, एकत्र बँक खातं असेल तर पासबुक हाताशी ठेवा. जोडीदाराला घराचा पत्ता, गल्लीचं नाव, सासू-सासऱ्यांची नावं सांगता यायला हवीत. जबाब कन्नडमध्ये लिहिला असेल तर वाचून घेतल्याशिवाय, किंवा कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही नको. नम्रपणे ‘एकदा वाचून दाखवा’ म्हटलं तर कुणी नाही म्हणत नाही.

मुदतवाढीची तयारी व्हिसा संपायच्या दोन महिने आधी सुरू करा. जोडीदाराचा पासपोर्टही त्याच सुमाराला संपणार असेल तर आधी पासपोर्ट नवा करा, मग जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा नव्यावर घेण्याचा अर्ज ई-एफआरआरओवर टाका. पत्ता बदलला, अगदी शहापूरहून वडगावला गेलात, तरी कळवा.

सावध: मुदत उलटू देऊ नका. दंडाची गोष्ट वेगळी. त्याहून मोठी गोष्ट मुलाची. भारतात जन्मलेल्या मुलाच्या आई-वडिलांपैकी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा वास्तव्य करणारा नसेल, तरच ते मूल जन्माने भारतीय नागरिक होतं. व्हिसाची मुदत संपूनही राहिलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बेकायदा ठरते. पोटात बाळ असताना व्हिसा संपू देणं म्हणजे त्या बाळाचं नागरिकत्व अडचणीत टाकणं. ही ओळ घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

टप्पा ७: दोन वर्षांनंतर ओसीआय

१९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे लग्न नोंदलेलं असावं आणि अर्जाच्या लगेच आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. लग्न २०२२ला, नोंद २०२४ला असा प्रकार असेल तर मोजणी कुठून, यावर वाद घालत बसावं लागतं. म्हणूनच टप्पा ३मध्ये नोंद लगेच करा म्हटलं. जोडीदाराचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही.

अर्ज ऑनलाईन, मग मूळ कागद घेऊन बंगळूर. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघालात की सकाळी पोचता, पण भेटीची वेळ दुपारची घ्या, गाडी उशिरा आली तर धावपळ नको. फोटो चौकोनी, दोन बाय दोन इंचाचा. सहीच्या चित्राची रुंदी उंचीच्या तिप्पट. नेट सेंटरवाले चौकोनी कापून देतात आणि पोर्टल ते घेत नाही. सुरक्षा तपासणी होते, त्यामुळे काही महिने लागतात. या काळात एक्स व्हिसाची मुदत संपत असेल तर तिची वाढ आधी मागा, ओसीआय येईलच या भरवशावर राहू नका.

ओसीआय मिळाल्यावर व्हिसाचे आणि नोंदणीचे खेटे संपतात. मतदान करता येत नाही. शेतजमीन, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही; सुनेच्या नावावर उसाची जमीन घ्यायचा विचार असेल तर तो सोडा. घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारावर मिळालेलं कार्ड रद्द होतं. भारतीय नागरिकत्वच हवं असेल तर भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने अर्ज करता येतो, त्याची फाईल वेगळी.

कार्ड आलं की फाईल माळ्यावर टाकू नका. लग्नाच्या आधारावर ओसीआय घेतलेल्या व्यक्तीने प्रत्येक वेळी नवा पासपोर्ट घेतला की तीन महिन्यांच्या आत तो पासपोर्ट, नवा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं निवेदन ओसीआय पोर्टलवर चढवायचं असतं. त्याला फी नाही. वहिनींच्या पासपोर्टची संपायची तारीख आता आमच्या फाईलच्या पहिल्याच पानावर जाड अक्षरात लिहून ठेवली आहे, आणि ती दादाच्या मोबाईलमध्येही आहे.